बसूनबघ्यांचं स्टँड

काही माणसं मान मोडून काम करतात, काही पाठ मोडून. बसूनबघ्यांनी एकतीस वर्षं बसून काम केलं, आणि तेही इतकं मन लावून की कारखान्यातले लोक त्यांचं खरं आडनाव साफ विसरून गेले. कारखाना खुर्च्यांचा होता. सुताराच्या आणि पॉलिशवाल्याच्या हाताखालून सुटलेली खुर्ची शेवटी यांच्यापुढे यायची. हे म्हणायचे, "थांबा, बसून बघतो." मग बसायचे. आधी सावकाश, मग धपकन, मग मागे रेलून, मग एका अंगावर कलून. डोळे मिटलेले, कान खुर्चीकडे. खुर्ची गप्प राहिली तर तिच्या सीटखाली निळी बरोबरची खूण. कुरकुरली की लाल फुली. त्यासाठी त्यांच्या कानामागे एक पेन्सिल कायम असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. एकदा खुद्द मालकांच्या केबिनसाठी केलेल्या खुर्चीवर त्यांनी फुली मारली, आणि मालक तीन आठवडे स्टुलावर बसले. फुलीवर अपील नव्हतं.

अशी माणसं रिटायर झाली की घरच्यांचे हाल होतात. पेन्सिल घरी आली. शेजाऱ्यांचा नवा ओटा, दवाखान्यातलं बाकडं, मुलाने आणलेली प्रवासाची बॅग, सगळ्यांवर बसूनबघे बसून बघू लागले. बायकोची त्यांच्याकडे आयुष्यात एकच मागणी होती. "अहो, लोकांकडे गेल्यावर आधी खुर्ची उलटी करून खालून बघू नका. आपल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही." यांचं म्हणणं, बघून बसलेलं बरं, पडून बघण्यापेक्षा. कंबर त्या लोकांची नव्हती ना जायची.

घरात तीनच माणसं. मुलगा दूर कुठेतरी पूल बांधत होता, महिन्यातून चार दिवस यायचा आणि त्यातले दोन झोपायचा. उरले हे, बायको आणि सूनबाई. सूनबाई मोटरसायकल चालवायची. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. आसपासच्या लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि थंड पेटीतून मोठ्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज व्हायचे. गाडी जड होती आणि मुलगी काटकुळी, पण दोघींचं बरं जमायचं.

जमत नव्हतं ते सासऱ्याचं. म्हणजे भांडण होतं असंही नाही. भांडायला बोलावं लागतं. यांनी थंड पेटी उचलायला हात पुढे केला की ती म्हणायची, "नको बाबा, मी करते." फाटकाची कडी लावायला उठले की, "नको बाबा, मी करते." पाच शब्दही नाहीत धड, पण बसूनबघे पुन्हा जागेवर जाऊन बसायचे. तीन वर्षांत तिने त्यांच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा नाही. आपण या मुलीच्या काडीच्या उपयोगाचे नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ते घरातल्या कुठल्यातरी स्टुलावर बसून बघायचे.

एका सुट्टीच्या सकाळी सूनबाई अंगणात साखळीला तेल देत होती. आताच्या गाड्यांना कंपन्या फक्त बाजूचं स्टँड देतात. गाडी तिरकी उभी राहते आणि मागचं चाक जमिनीला टेकलेलं राहतं. त्यामुळे साखळी फिरत नाही. वीतभर साखळीला तेल लावायचं, उठायचं, गाडी हातभर ढकलायची, पुन्हा बसायचं. अंगण संपलं की गाडी मागे घ्यायची. बसूनबघे पायरीवर बसून पाहत होते. अकराव्या वेळी गाडी ढकलताना तिने कमरेवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "बाबा, मागचं चाक उचलून धरेल असं एखादं स्टँड घरच्या घरी करता येईल का हो?"

बसूनबघे इतक्या चटकन उठले की पायरीजवळ झोपलेली मांजर घाबरून भिंतीवर गेली.

"येईल की! न यायला काय झालं? कधी पाहिजे?"

"सावकाश करा. घाई नाही."

घाई तिला नव्हती, यांना होती. दुपारच्या आत ते भंगारवाल्याच्या दुकानात हजर झाले. भंगारवाला त्यांना ओळखून होता. मागे एकदा हे त्याच्याकडच्या नऊ खुर्च्यांवर बसून सातांना फुली मारून, एकही न घेता निघून गेले होते.

"काका, दुकान आहे हे. प्रत्येक वस्तूवर बसू नका," तो आधीच म्हणाला. "काय हवंय ते सांगा."

यांनी सांगितलं. तो म्हणाला, "अहो, तयार मिळतं की ते स्पेअरपार्टच्या दुकानात. लोखंडी, चाकं लावलेलं, रंग दिलेलं."

"मिळत असेल. तिने मला सांगितलंय," बसूनबघे म्हणाले, आणि त्या विषयाला तिथेच कुलूप लागलं.

मग सामानाची निवड सुरू झाली. भंगारवाल्याने आधी एका जुन्या पलंगाचा पाइप काढला. यांनी तो नखाने टिचकी मारून वाजवला. "वरून पैलवान, आतून उपाशी. वाकेल." लाल फुली. मग नळाचा जाड पाइप आला. तो दणदणीत होता, पण त्याला वेल्डिंग लागणार. वेल्डिंगचा जोड वरून फुगलेला दिसतो, आत धरलंय की नाही ते बसून कळत नाही, आणि जे बसून कळत नाही त्यावर यांचा विश्वास नाही. फुली. भंगारवाल्याने प्लॅस्टिकचा पाइप दाखवला, त्यात सिमेंट भरायची युक्तीही सांगितली. बसूनबघ्यांनी मान हलवली. "प्लॅस्टिक उन्हात राहून राहून कडक होतं आणि एक दिवस न सांगता तडकतं. लोखंडही तसंच, आतल्या आत दमतं. लाकूड तसं करत नाही. लाकूड आधी कुरकुरतं. दहादा कुरकुरेल, मग मोडेल. लाकूड सांगून मोडतं, बाबा."

"मग लाकूडच मागायचं होतं ना आधी! तासभर झाला, गिऱ्हाईकं परत गेली माझी."

शेवटी एका पाडलेल्या घराची दाराची चौकट मिळाली. पन्नासेक वर्षं ऊन खाल्लेलं, सुकून दगड झालेलं अस्सल लाकूड. बसूनबघ्यांनी ती जमिनीवर आडवी टाकली, वर बसले, धपकन बसले, कलले. लाकडाने हूं की चूं केलं नाही. निळी खूण.

पुढचे दहा दिवस अंगणात करवत, रंधा आणि पटाशी. चार पायांचं एक बुटकं, रुंद स्टूल तयार झालं. वरच्या बाजूला दोन उभे खुंट. मोटरसायकलचं मागचं चाक दोन लोखंडी हातांमध्ये धरलेलं असतं. ते हात या खुंटांवर टेकवायचे की चाक अधांतरी. सांधे इतके घट्ट की फटीत कागद जाईना. बसूनबघ्यांनी त्यावर बसून बघितलं. मग बायकोला बसवलं. मग बायकोच्या मांडीवर धान्याचा डबा दिला. भंगारवाला चौकटीचं काय झालं ते बघायला आला होता, त्यालाही बसवलं.

"अहो, लाज वाटते मला," बायको म्हणाली.

"काकू, मलाही वाटतेय, पण डबा माझ्या पायावर आहे," भंगारवाला म्हणाला.

तीन माणसं आणि एक डबा. स्टूल गप्प. बसूनबघ्यांनी त्याच्या पोटाखाली अशी निळी खूण मारली की कारखान्याच्या अख्ख्या नोकरीत तेवढी मोठी मारली नव्हती.

पुढच्या सुट्टीला चाचणी झाली. सूनबाईने गाडी बाजूच्या स्टँडवर कलवून मागचं चाक उचलून धरलं, यांनी स्टँड आत सरकवलं. गाडी बसली. चाक अधांतरी. तिने बोटाने ढकललं तर ते गरगर फिरलं. "वा, बाबा!" ती म्हणाली. बसूनबघे पायरीवर बसायला गेले, पण आनंदाने त्यांना बसवेना. तिने साखळीला तेल दिलं. साखळी जरा सैल वाटली म्हणून ती लांब पाना घेऊन चाकाचा मोठा नट सोडवायला लागली. नट घट्ट होता. तिने पाय रोवून पाना ओढला, आणि काय होतंय हे कळायच्या आत स्टुलाचे दोन पाय उचलले गेले, खुंट सटकले आणि गाडी तिच्या अंगावर कलली. तिने खांदा लावला म्हणून गाडी भिंतीवर जाऊन थांबली. आरसा फुटला. तिचं कोपर सोलवटलं. स्टँडला मात्र ओरखडासुद्धा नव्हता, आणि बसूनबघ्यांना तेच जास्त लागलं.

ते धावत आले. सूनबाई कोपर झटकत म्हणाली, "काही नाही झालं, बाबा. राहू दे आता. मी करते पहिल्यासारखं."

झालं. तीन वर्षांनी एक दार किलकिलं झालं होतं, ते यांच्या हातानेच बंद झालं. ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतले असते. ती काहीच बोलली नाही. आरसा बदलून आणला, कोपराला पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी थंड पेटी घेऊन कामावर गेली. बसूनबघ्यांनी तीन दिवस कशावरही बसून बघितलं नाही. बायकोला काळजी वाटायला लागली.

चौथ्या दिवशी त्यांना कळलं, आणि तेही बायकोमुळे. ती बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडत होती. निवडून झाली आणि ती उठली. म्हणजे आधी पुढे झुकली, हात गुडघ्यावर टेकवला, सगळा भार पावलांवर घेतला, आणि मग वर आली. बसूनबघे बघतच राहिले.

"अगं, पुन्हा बस."

"काय?"

"बस आणि पुन्हा ऊठ. सावकाश."

"मला कामं आहेत," म्हणत ती बसली आणि उठली, कारण चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की वाद घालण्यापेक्षा बसून उठलेलं लवकर होतं. पुन्हा तेच. आधी पुढे, मग वर. सरळ वर कुणीच उठत नाही. बसूनबघ्यांनी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षं आपण बसणं तपासलं. उठणं एकदाही तपासलं नाही! गाडी म्हणजे काही पाहुणा नव्हे, की येऊन बसला आणि चहा पिऊन गेला. गाडी स्टँडवर चढते, तिच्याशी झोंबाझोंबी होते, मग ती उतरते. तिला झुकणारं काहीतरी पाहिजे. खालून गोल असलेलं. दांडा खाली दाबला की पुढे लोळेल, गाडीला सोबत घेऊन वर येईल, आणि शेवटी सपाट बुडावर थांबेल.

आणि खालून गोल असलेली एक वस्तू घरात होती. निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्यांना एक झुलती खुर्ची दिली होती. बसूनबघे तिच्यावर एकदाही बसले नव्हते. जी वस्तू एका जागी थांबत नाही तिला खुर्ची म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. ती मागच्या खोलीत खिडकीशी पडून होती. तिचे ते दोन वाकवलेले पाय! वाफेवर वाकवलेलं एकसंध लाकूड, अशी चीज आता शोधून मिळत नाही. बसूनबघे करवत घेऊन मागच्या खोलीत गेले.

खुर्ची उलटी करताना सीटच्या फटीतून केसांची एक पिन पडली. मग एक हातमोजा, गाडी चालवताना घालतात तसला. खुर्चीच्या हातांवरचं पॉलिश घासून गुळगुळीत झालं होतं. कुणीही न बसलेल्या खुर्चीचे हात असे होत नाहीत, हे कळायला एकतीस वर्षांची नोकरी लागत नाही. ते करवत हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"अहो, काय करताय?" बायको दारात आली आणि करवत बघून तिने आवाज चढवला. "खबरदार हात लावाल तर! ती बसते त्या खुर्चीत."

"कोण ती?"

"ती म्हणजे कोण? सूनबाई. तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता ना, तेव्हा. कामावरून आली की पंधरा मिनिटं बसते इथे, डोळे मिटून. पाठ फार दुखते तिची. मग उठते आणि स्वयंपाकाला लागते."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला दाखवायचं नसतं तिला. तुम्ही यायच्या आत उठते."

"का? मी काय म्हणणार होतो?"

"म्हणाला काहीच नसतात. पण तुमची ती लाल पेन्सिल घरात सगळ्यांना माहीत आहे. जरा कुरकुरलं की फुली. तिला वाटतं, दमलेय असं दिसलं तर तुम्ही म्हणाल, ही काही टिकायची नाही या कामात."

ती गेली. बसूनबघ्यांनी करवत जमिनीवर ठेवली, खुर्ची सरळ केली आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. खुर्ची झुलली आणि कुरकुरली. चांगली मोठ्याने कुरकुरली. माणसं म्हणजे काय खुर्च्या होत्या, की आपण त्यांना तपासत फिरत होतो? आणि या मुलीला तर आपण कधी खालून उलटून बघितलंही नव्हतं, तरी ती भीत होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. बराच वेळ ते कुरकुर ऐकत बसले. मग उठले, जुनं वर्तमानपत्र आणलं, खुर्चीचा पाय त्यावर आडवा ठेवला आणि त्याच्या वळणाची रेघ काढून घेतली. निळ्या टोकाने. पिन आणि हातमोजा होते तिथे पुन्हा ठेवले.

आता वळण मिळालं, पण लाकूड? उरलेल्या चौकटीवर वळण आखलं तेव्हा यांच्या लक्षात आलं की हे काही चालायचं नाही. लाकडाच्या रेषा सरळ, वळण गोल. वळण जिथे रेषांना आडवं कापतं तिथे लाकूड बिस्किटासारखं तुटतं. वाफेवर वाकवायला घरात कारखाना नव्हता. राहिलं एकच, आणि त्याचं नाव घ्यायला बसूनबघ्यांच्या जिवावर आलं होतं. प्लायवूड. शेवटच्या वर्षांत कारखान्यात प्लाय आलं तेव्हा यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "प्लाय म्हणजे डिंकाने चिकटवलेला कागद. मी त्यावर बसणार नाही."

भंगारवाल्याने एका मोडलेल्या दुकानाचं काउंटर दाखवलं. जाड, पाणी न पिणारं प्लाय. बसूनबघ्यांनी कडेला बोट फिरवलं. थरावर थर, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. कुठूनही कापा, कुणी ना कुणी धरून ठेवणारच.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, लाकूड सांगून मोडतं?" भंगारवाला म्हणाला. सोडतोय थोडाच!

"म्हणालो होतो."

"मग हे?"

"हे एकमेकांना धरून राहतं," बसूनबघे म्हणाले. "दे बांधून. आणि हसू नकोस."

त्या संध्याकाळी ते फिरायला गेले, आणि मुद्दाम अर्धा तास उशिरा परतले. आल्यावर त्यांनी सूनबाईला हाक मारली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकून आले होते, तरी अडखळलेच. "अगं, ते स्टँड... मागचं चुकलं माझं. नुसतं बसून बघितलं. मला एकट्याला नाही जमत आहे. गाडी तुला जास्त कळते. दाखवशील का जरा, कुठे धरायचं, कुठे नाही?"

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. सासऱ्याच्या तोंडून "चुकलं" हा शब्द या घरात तिने पहिल्यांदाच ऐकला असावा. मग ती ओढणी खोचून गाडीशी उकिडवी बसली. "हे बघा, बाबा. इथे टेकवायचं नाही, साखळी घासेल. इकडून सायलेन्सर आहे, तापलेला असतो, लाकूड जळेल. ही एवढी जागा आपली." तिने खडूने फरशीवर चित्र काढलं. यांच्या वर्तमानपत्रावरचं वळण तिने दोनदा दुरुस्त केलं आणि दांडा हातभर वाढवून मागितला. "माझं वजन किती, गाडीचं किती! लांब दांडा असला तर माझ्याने दाबला जाईल." बसूनबघ्यांनी सगळं लिहून घेतलं. मालकांचंसुद्धा त्यांनी इतकं ऐकलं नव्हतं.

आठवडाभर दोघं रोज अंधार पडायच्या आत तासभर अंगणात असायची. ती प्लाय घट्ट धरायची, हे कापायचे. दोन दोन थर डिंकाने जोडून वर नट-बोल्ट आवळले. चौकटीचं अस्सल लाकूड वाया गेलं नाही. त्याचे आडवे दांडे आणि लांब दांडा झाला. गाडी टेकायच्या खाचांना बायकोच्या जुन्या स्लिपरचं रबर ठोकलं. "एकच उरली होती का घरात माझी वस्तू?" बायको म्हणाली, पण दुसरी स्लिपरही तिनेच आणून दिली. एका संध्याकाळी करवत चालू असताना सूनबाई मध्येच थांबली. "बाबा, जरा थांबा. पाठ दुखतेय आज फार. खड्डेच खड्डे आहेत त्या रस्त्याला."

बसूनबघे एवढंच म्हणाले, "हं. टेक जरा. मी पॉलिशपेपर मारतो तोवर." आणि मान खाली घालून प्लाय घासत बसले, कारण डोळे भरून आलेले दाखवायची त्यांना सवय नव्हती.

सुट्टीचा दिवस उजाडला. भंगारवाला आपणहून आला आणि सावधपणे भिंतीपासून लांब उभा राहिला. सूनबाईने हँडल धरून गाडी सरळ उभी केली. बसूनबघ्यांनी मागून स्टँड लावलं, दांडा वर, खाचा गाडीच्या दोन हातांखाली. दांडा दाबला. स्टँड पुढे लोळलं आणि गाडीला घेऊन वर आलं, अगदी बायको स्टुलावरून उठायची तसं, आधी पुढे, मग वर. सपाट बुड जमिनीला टेकलं. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बसूनबघ्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांनी गाडी उतरवली. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. वीस वेळा. मग सूनबाईने पाना घेतला. भंगारवाला आणखी दोन पावलं मागे सरकला. तिने पाय रोवून ओढलं. नट करकरला आणि सुटला. गाडी जागची हलली नाही. तिने उलटं ओढून पाहिलं, गाडीला धक्के दिले, सीटवर हात टेकून भार टाकला. स्टँड मख्खासारखं उभं. "चहा टाकते," बायको म्हणाली.

भंगारवाल्याला चहा देऊन, स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतं त्यापेक्षा हे बरं, असं त्याच्याच तोंडून तीनदा वदवून घेऊन झालं. तो गेला. बसूनबघे स्टँडभोवती फिरत होते. निळी खूण मारायला त्यांनी पेन्सिल काढली आणि त्यांचा हात थांबला.

"काय झालं, बाबा?"

"खोट आहे यात." त्यांचा चेहरा पडला होता. "मघाशी तू हँडल धरून उभी होतीस, मी दांडा दाबला. म्हणजे दोन माणसं लागली. एकाने गाडी सरळ धरायची, एकाने उचलायची. तुला एकटीला हे लावताच येणार नाही. तुझी अडचण तर तशीच राहिली." ते घाईने बोलू लागले. "थांब, होईल. बाजूला एक आडवा टेकू काढतो. त्याला पट्टा लावून गाडी बांधता येईल. दोन दिवसांत करतो. मग कुणी नको तुला धरायला."

"नको, बाबा."

पुढचे दोन शब्द बसूनबघ्यांना पाठ होते. ते ऐकायला ते मान खाली घालून तयार झाले.

सूनबाई गाडीपाशी खाली बसली होती. हाताला लागलेलं तेल ती फडक्याने पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती. "राहू दे ती खोट," ती म्हणाली. "एकटीने लावायचं दुकानात तयार मिळतं, बाबा. आणता आलं असतं मला."

एकतीस वर्षांत बसूनबघ्यांनी ठाऊक असलेली खोट पोटात घालून एकही वस्तू पास केली नव्हती, मालकांचीसुद्धा नाही. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, स्टँडच्या आतल्या बाजूला वाकले आणि निळ्या टोकाने बरोबरची खूण केली. मग पेन्सिल कानामागे न ठेवता तिथेच पायरीवर टाकून दिली.

"फिरवा, बाबा," तेलाची बाटली हातात घेऊन सूनबाई म्हणाली. "सावकाश फिरवा, नाहीतर तेल उडेल अंगावर."

बसूनबघे सावकाश चाक फिरवू लागले.